गोलकीपरच्या वयाची फाइल

नोकरीतल्या कितीतरी घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या गुन्ह्यात कोण फिर्यादी होता हे आठवायला मला कागद लागतो. ही एक घटना मात्र घड्याळाच्या काट्यासकट आठवते, आणि मी विसरू म्हटलं तरी घरचे विसरू देत नाहीत. कुणी पाहुणे आले, चहा झाला, की मुलगी सुरू करते, "पापा, वो फुटबॉलवाला सुनाओ न, ज्यात तुम्ही बुद्धू बनता." इतर अधिकाऱ्यांच्या घरी शौर्याच्या गोष्टी सांगतात म्हणे.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, त्याच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. जबलपुरातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. आमच्याकडे त्याला टीआय म्हणतात. त्या हिवाळ्यात शहरात विद्यापीठांच्या पुरुष फुटबॉल संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. मैदान माझ्या हद्दीत, खेळाडूंचं वसतिगृह माझ्या हद्दीत, आणि व्हीआयपींच्या गाड्या कुठे लावायच्या हे भांडणही माझ्याच हद्दीत. देशभरातले संघ. कुणाला डाळीत तिखट जास्त, कुणाला अंघोळीला गरम पाणी नाही, आणि प्रत्येकाला वाटे की यात पोलिसांनी लक्ष घालावं.

नावं कुणाचीच देत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

उपांत्यपूर्व सामन्यांचा दिवस. दुसरा शनिवार होता हे पक्कं लक्षात आहे, कारण कोर्ट बंद होतं आणि पुढे त्याचा त्रास मलाच झाला. सकाळी नऊला मैदानावरून ठाण्यात येऊन बसतो तोच विदर्भाकडच्या एका विद्यापीठाच्या संघाचे मॅनेजर आत आले. पन्नाशीचे, क्रीडा विभागातले प्राध्यापक, ट्रॅकसूटवर मफलर. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, चोरी झाली. संघाची ओरिजिनल कागदपत्रं गेली."

"कुठून?"

"वसतिगृहातल्या आमच्या खोलीतून. कपाटात निळी फाइल होती. कुलूप लावून होतो."

मी समजत होतो तेवढं हे साधं नव्हतं. या स्पर्धेत पंचविशीच्या पुढचा खेळाडू चालत नाही, आणि वयाचा पुरावा म्हणून दहावीचं मूळ प्रमाणपत्र दाखवावं लागतं. त्यांच्या गोलकीपरविरुद्ध समोरच्या संघानं आदल्या संध्याकाळी लेखी हरकत घेतली होती की हा मुलगा पंचविशीच्या पुढचा आहे. समितीनं मुदत दिली होती दुपारी एकची. एकच्या आत मूळ प्रमाणपत्र टेबलावर आलं नाही तर संघ बाद. आणि गोलकीपर खोटं वय लावून खेळणारा ठरणार, पुढे बंदी.

"आणि साहेब," मॅनेजर सर म्हणाले, "पोराचं त्याच्या जिल्ह्यात पोलीस भरतीत नाव लागून राहिलं आहे. खेळाडूंच्या कोट्यातून. असा शिक्का बसला तर गेलं सगळं."

पोलीस भरती म्हटल्यावर मी जरा ताठ बसलो. आपल्याच खात्यात येऊ घातलेला मुलगा. शिवाय मराठी माणूस अडचणीत. आमचे खापरपणजोबा भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशी आमची विभागणी. त्यामुळे महाराष्ट्राकडून कुणी आलं की मी उगाचच यजमान होतो. त्या दिवशीही झालो. "चिंता करू नका सर, एकच्या आत फाइल देतो," असं मी म्हणून बसलो. बायको म्हणते त्याप्रमाणे माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी अशाच एखाद्या वाक्यानं सुरू झाल्या आहेत.

घटनास्थळ पाहिलं. कपाटाचं कुलूप शाबूत, दाराचं शाबूत, खिडकीला जाळी. म्हणजे बाहेरचा चोर नाही, घरातलाच माणूस. तर्क बरोबर होता. फक्त सुरुवातीचं गृहीतच चुकीचं होतं, पण ते मला तीन तासांनी कळलं.

मग खोलीत संघ उभा केला. अठरा पोरं. सतरा जण गाद्या उलट्या करत, एकमेकांवर ओरडत, बॅगा झाडत होते. एक जण कोपऱ्यात भिंतीला टेकून गप्प उभा. चांगला सहा फूट, खांदे रुंद, आणि डोकं, काय सांगू, माझ्यापेक्षा मोकळं. पुढून पार कानापर्यंत केस गेलेले, मागे थोडी झालर. मी मॅनेजर सरांना हळूच विचारलं, "हे तुमचे कोच का?"

"गोलकीपर आहे तो."

खरं सांगतो, त्या क्षणी मी हरकत घेणाऱ्यांच्या बाजूचा झालो. मला तो पस्तिशीचा वाटला. आणि पोलिसाच्या डोक्यात एकदा हे बसलं की पुढचं आपोआप जुळतं. वय खोटं, प्रमाणपत्र दाखवलं तर पकडला जाणार, तेव्हा प्रमाणपत्र गायब झालेलं कुणाला हवंय? यालाच. आणि शोधत नाही आहे कोण? हाच.

दहाला खबर आली. वसतिगृहाच्या फाटकासमोरचा चहावाला आमचा जुना खबरी. ठाण्याच्या चहाचं कंत्राट आपल्याला मिळावं या आशेवर तो दहा वर्षं खबरा देत होता. फोनवर म्हणाला, "साहब, वो गंजा वाला लड़का है न, सवेरे छह बजे थैला दबाके पीछे की दीवार तरफ गया था. बीस मिनट बाद लौटा. इधर-उधर देखके."

"पक्का?"

"अरे साहब, वैसी खोपड़ी पूरे हॉस्टल में एक ही है."

झालं. मी मनातल्या मनात केस बंद केली.

मुलाला ठाण्यात आणलं. माझ्या खोलीत समोर बसवलं, दार बंद केलं आणि दहा मिनिटं काही न बोलता कागद चाळत बसलो. ही आमची जुनी पद्धत आहे. गप्प बसलं की समोरचा बोलायला लागतो. हा बोलला नाही. हात मांडीवर ठेवून सरळ समोर बघत बसला. शेवटी मीच बोललो, म्हणजे पद्धत माझ्यावरच चालली.

"सकाळी सहाला थैली घेऊन कुठे गेला होता?"

गप्प.

"मागच्या भिंतीकडे गेला होता. पाहिलंय लोकांनी. थैलीत काय होतं?"

"माझं सामान होतं."

"काय सामान?"

त्याचे कान लाल झाले.

"हे बघ, फाइल कुठे टाकली ते सांग. जाळली असशील तर तेही सांग. आता सांगशील तर मी बघतो काय करता येतं ते."

"साहेब, मी काहून टाकीन माझीच फाइल?"

"वय जास्त असेल तर टाकशीलच ना."

त्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तेवीस वर्षांचा आहो मी. केस गेले म्हणून वय वाढत नाही, साहेब."

"मग थैलीत काय होतं?"

तासभर हेच चाललं. मी आवाज चढवला, टेबल आपटलं, एकदा मायेनंही बोलून पाहिलं. भरतीचं नाव काढलं, "खात्यात यायचंय ना तुला? मग खात्याशी खोटं बोलतो?" हे बोललो तेव्हा त्याचे हात थरथरायला लागले. त्यानं ते मांडीखाली दाबून धरले. मी मनात नोंद केली, गुन्हेगाराची लक्षणं. पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा हा निष्कर्ष!

शेवटी त्यानं मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाला, "तेल होतं."

"कसलं तेल?"

"केसांचं. कांद्याच्या रसाचं. मावशीनं करून दिलं. खोलीत लावलं तर पोरं वासानं ओरडतात, आणि हसतात. म्हणून मागे जाऊन लावतो."

मी शिपायाला वसतिगृहावर पिटाळलं. तो वीस मिनिटांनी थैली घेऊन आला. आत एक बाटली, एक जुना टॉवेल, एक प्लास्टिकची टोपी. शिपायानं बाटलीचं बूच काढलं आणि ठाण्यातल्या कोठडीत बसलेला दारुडासुद्धा म्हणाला, "साहब, ये क्या मर गया?"

मी डोकं धरून बसलो. पावणेबारा. सव्वा तासात मला फाइल द्यायची होती आणि माझ्या हाती आली होती कांद्याच्या तेलाची बाटली. तरीही माझा संशय पूर्ण गेला नव्हता, हे कबूल करतो. तेल एकीकडे, फाइल दुसरीकडे, असंही असू शकतं, असं मी त्याला म्हणालो. इतका मूर्खपणा एका बैठकीत मी आधी कधी केला नव्हता.

तेवढ्यात दार उघडून मॅनेजर सर आत आले. बाहेर बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मफलर हातात गुंडाळलेला, तोंड उतरलेलं.

"साहेब, त्याला सोडा. चोरी झालीच नाही."

मी तेलाची बाटली बाजूला सारली.

"म्हणजे खोलीतून झाली नाही. सकाळचा पहिला सामना बघायला मी साडेसातलाच मैदानावर गेलो होतो. जो जिंकणार तो पुढे आमच्यासमोर येणार, म्हणून. फाइल कापडी पिशवीत घालून सोबतच नेली होती, रात्रंदिवस जवळच ठेवतो. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. पण पोटात काही नव्हतं. बाहेर पोहे-जिलेबीचा ठेला दिसला…"

"मग?"

"मग खुर्ची धरली."

"धरली म्हणजे?"

"पिशवी ठेवली खुर्चीवर. जागा धरायला."

मला माझाच एक आदेश आठवला. मी त्यांना विचारलं, "दहावीची अठरा मूळ प्रमाणपत्रं तुम्ही जागा धरायला ठेवली?"

"रुमाल होता साहेब खिशात," ते रडवेले होऊन म्हणाले. "पण नुसत्या रुमालाला कुणी मानत नाही. पिशवी असली की लोक मानतात. परत आलो तर खुर्चीवर दुसराच माणूस आणि पिशवी नाही. विद्यापीठात काय सांगू? प्रमाणपत्रं खुर्चीवर ठेवून पोहे खायला गेलो? नोकरी गेली असती माझी. म्हणून मी खोलीचं सांगितलं."

गोलकीपर त्यांच्याकडे बघत होता. सरांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मी विचारलं, "पिशवीचा रंग?"

"पिवळी."

आता तो आदेश सांगतो. स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळच्या हजेरीत मी स्वतः, माझ्या खणखणीत आवाजात, आदेश वाचला होता. मैदानात कुठेही बेवारस पिशवी, डबा, बॅग दिसली की विचारत बसायचं नाही. यंत्र फिरवायचं, उघडायची नाही, उचलून ठाण्यात आणायची, सील करून मालखान्यात जमा करायची. मालखाना म्हणजे जप्त आणि बेवारस माल ठेवायची आमची खोली. माझ्या खोलीपासून बारा पावलांवर.

मैदानावरच्या हवालदाराला फोन लावला. तो उत्साहानं म्हणाला, "हां सर, पीला थैला. पौने आठ बजे उठाया, जमा भी करा दिया. आपका ही ऑर्डर था सर."

"और मैं सुबह से फाइल ढूँढ़ रहा हूँ, किसी ने बताया नहीं?"

"सर, आप तो नीली फाइल ढूँढ़ रहे थे. वो भी हॉस्टल वाली."

मी फोन ठेवला आणि मालखान्याकडे निघालो.

मालखाना ज्यांच्या ताब्यात ते आमचे मुंशीजी. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, चष्मा दोऱ्यानं गळ्यात, आणि नियमांवर अशी श्रद्धा की देवावरही नसेल. मी किल्ली मागितली. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोटानं ओळ दाखवली. 'एक नग थैला, कपड़े का, पीला, लावारिस, सीलबंद.'

"सर, मिल तो जाएगा. लेकिन सील लग गया है. कोर्ट से ऑर्डर ले आइए."

"मुंशीजी, आज कोर्ट बंद आहे!" चिडलो की मी मराठीत बोलतो. ठाण्यात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे पटकन कामाला लागायचे. मुंशीजी लागले नाहीत.

"तो सोमवार को ले लीजिए."

"एक बजे लड़के का करियर ख़तम हो जाएगा."

"वो तो मैं समझ रहा हूँ, सर. मेरे भी बच्चे हैं. आप लिखके दे दीजिए कि सील आपकी ज़िम्मेदारी पे खुली."

बारा वाजून दहा मिनिटं. मी उभ्या उभ्या लिहून दिलं. मुंशीजींनी ते दोनदा वाचलं. तारीख टाकायची राहिली होती, ती टाकायला लावली. दोन पंच हवेत म्हणाले. एक चहावाला खबरी सापडला, जो आपल्या खबरीचं काय झालं ते बघायला येऊन बसला होता, आणि दुसरा पासपोर्टच्या चौकशीला आलेला एक बँकवाला. दोघांच्या समोर सील तोडलं. पिवळी पिशवी, आत निळी फाइल, फाइलमध्ये अठरा प्रमाणपत्रं. आणि सर्वांत वर गोलकीपरचं. जन्मतारीख पाहिली, बोटांवर मोजली. तेवीस वर्षं, चार महिने.

मी मान वर केली तर मुलगा दारात उभा राहून माझी बोटं बघत होता.

जीप मी स्वतः चालवली. एकला सात मिनिटं कमी असताना फाइल समितीच्या टेबलावर पडली. समितीतल्या एका गृहस्थांनी प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग मुलाच्या डोक्याकडे पाहिलं, पुन्हा प्रमाणपत्राकडे, पुन्हा डोक्याकडे. मला इतका संताप आला की सांगायची सोय नाही. मग आठवलं, सकाळी मीही हेच केलं होतं, तेही सरकारी खुर्चीत बसून. "ठीक है," ते म्हणाले. हरकत फेटाळली.

दोन वाजता सामना झाला. मी बंदोबस्ताच्या नावाखाली गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. पहिल्या अर्ध्यात पोरानं दोन चेंडू असे अडवले की प्रेक्षक उभे राहिले. दुसऱ्या अर्ध्यात लांबून एक साधा उंच चेंडू आला. तो त्याच्या दोन्ही हातांत बसला, आणि निसटून मागे गोलात गेला. शून्य-एक. तेवढ्यावरच हरले. माझ्या शेजारचा हवालदार म्हणाला, "सर, ये तो बच्चा भी पकड़ लेता." ते हात मी सकाळी मांडीखाली दाबलेले पाहिले होते.

संध्याकाळी मी माफी मागायला जायचं ठरवत होतो. हे पोलिसाला जमत नाही. कोणत्या शब्दांत सुरू करायचं याचा विचार करत होतो, जायला उशीर लावत होतो, आणि तोच स्वतः आला. खांद्यावर बॅग, गाडीची वेळ झालेली. मी चहा सांगितला, खुर्ची दिली, "बेटा, आमचं काम असं असतं, त्यात कधी कधी…" वगैरे सुरू केलं.

"ते राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "एक काम होतं."

"बोल ना."

"मले इथं आणलं होतं ते लिहून आहे ना तुमच्या रजिस्टरात?"

"आहे. रोजनाम्यात आहे. चौकशीसाठी आणलं, एवढंच."

"मग काय निघालं तेही लिहा. भरतीच्या आधी चारित्र्य पडताळणी होते. कोणी इथं विचारलं तर अर्धंच सापडन."

मी म्हणालो, "अरे, मी सांगीन ना. कुणी विचारलं तर माझं नाव दे."

"तुमची बदली होते, साहेब. रजिस्टर इथंच राहते."

तेवीस वर्षांच्या पोरानं मला माझं खातं समजावून सांगितलं. मी रोजनामा मागवला आणि मुंशीजींच्या हाताऐवजी स्वतःच्या हातानं लिहिलं, हिंदीतच, कारण दफ्तर हिंदीत. अमुक खेळाडूला संशयावरून आणलं. संशय निराधार निघाला. फाइल ठाण्याच्या मालखान्यातच, ठाण्याच्याच आदेशानं जमा होती. आदेश अधोस्वाक्षरीकर्त्याचा. मुंशीजी मागून वाचत होते. हळूच म्हणाले, "सर, आख़िरी लाइन ज़रूरी है क्या? ऊपर पढ़ेंगे." जरूर होती. त्या ओळीशिवाय बाकीचं कुणाला पटलं नसतं. मुलानं ते सावकाश वाचलं, नोंदीचा क्रमांक विचारून मोबाइलमध्ये टिपून घेतला, नमस्कार केला आणि गेला. चहा तसाच राहिला.

वर ते वाचलं गेलं. पंधरा दिवसांत माझ्याकडे खुलासा मागणारं पत्र आलं. विनापरवानगी सील तोडणं, नियोजनातील ढिलाई, आणखी काहीबाही. ताकीद मिळाली. मॅनेजर सरांना मी खोट्या फिर्यादीसाठी अडकवू शकलो असतो, पण मग माझ्या पिशवीच्या आदेशाची कहाणी कोर्टात वाचली गेली असती, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांवर दया केली.

नव्या पोरांना प्रशिक्षणात मी पुढे अनेकदा सांगितलं की फिर्यादीपासून तपास सुरू करा, आणि त्याच्या आधी आपल्या मालखान्यात डोकावून या. ते हसत आणि लिहून घेत. मला शिकायला लागलं ते मात्र याहून साधं होतं. आम्ही संशय तोंडानं घेतो. एक फोन, एक चेहरा, एक टक्कल, तेवढं पुरतं. तो मागेही तोंडानंच घेतो, "जा, काही निघालं नाही," म्हणून. समोरचा घरी गेला की आमच्या लेखी विषय संपला. त्याच्या लेखी तो तिथेच सुरू होतो, आणि ज्याला हे विचारायचं सुचत नाही, अशा किती जणांच्या अर्ध्या नोंदी मी मागे ठेवून आलो असेन, ते मोजायचं धैर्य मला झालेलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी त्याच्या जिल्ह्यातून पडताळणीचा कागद आला. उमेदवाराविषयी आपल्या ठाण्यात काही नोंद आहे काय? असे कागद शिपाई भरतात, टीआय न वाचता सही करतो. तो मी स्वतः भरला. 'नोंद आहे' असं लिहिलं, खाली क्रमांक लिहिला, आणि नोंदीची पूर्ण नक्कल, शेवटच्या ओळीसकट, सोबत जोडून पाठवली.

त्याची निवड झाली. हे मला तिकडच्या ठाण्यात फोन केल्यावर कळलं; त्यानं कळवलं नाही, आणि त्यानं का कळवावं?